सेंट क्रॉइचा सरडा: ग्रीन के बरा की बक आयलंड?

कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉइवर हा जमिनीवरचा सरडा आता उरलाच नाहीये, कारण उसातले उंदीर मारायला १८८४ मध्ये आणलेलं मुंगूस. हे मुंगूस मूळचं आपल्याकडचंच, भारतातलं! दिवसा फिरतं, सरडाही दिवसाच वाळूत पाचोळा उकरत किडे नाहीतर छोटे खेकडे शोधतो, झाडावर चढून बसायची सवय नाही, मग सुटणार कसा. अंगावर लांब पट्टे अन् शेपटीवर निळी-काळी वलयं, इतका देखणा जीव.

आता वाचला तो आसपासच्या छोट्या बेटांवर. ग्रीन केवर मुंगूस नाही, १९७७ पासून बेटच राखीव केलंय त्याच्यासाठी, म्हणजे घर जुनं अन् खात्रीचं. पण जागा केवढीशी, जेमतेम ६ हेक्टर, एखादं मोठं चक्रीवादळ आलं तर?

बक आयलंड मात्र ७० हेक्टरच्या आसपास. तिथलं मुंगूस आधी संपवलं आणि मग २००८ मध्ये ग्रीन केवरचे ५७ सरडे नेऊन आधी कुंपणात ठेवले, नंतर सोडले, आणि ते तिथे रुजले, पसरले!

मला विचाराल तर पुढची भिस्त बक आयलंडवरच, फक्त बोटीतून एकही मुंगूस परत चढता कामा नये.