‘डोन्ट एक्स्प्लेन’: डबी मोडकी, गाणी शाबूत

सीडीला मधोमध धरून ठेवणारं डबीतलं दातेरी चाक ‘डोन्ट एक्स्प्लेन’ या अल्बमच्या माझ्या प्रतीत चुरा होऊन आलं. प्रवासभर चकती आत मोकळी घरंगळत होती. उजेडात तिरपी धरली की ओरखडा दिसायचा आणि सहाव्या गाण्याच्या मध्यावर प्लेअर हमखास अडखळायचा. विक्रेत्याचं म्हणणं असं की डबी म्हणजे वेष्टन, माल नव्हे, शिवाय सील फोडलेली वस्तू परत घेत नाही. सील न फोडता सीडी अडखळते की नाही ते कसं कळणार, याचं उत्तर त्यांच्या एकाही माणसाकडे नव्हतं. दीड हजार मोजले होते, सोडून कसे देणार? अडखळण्याचा व्हिडिओ पाठवला, मेलवर मेल केले, तेव्हा कुठे दुसरी प्रत आली. पॅकिंगला शून्य गुण. तुम्ही सीडी मागवणार असाल तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ जरूर काढा.

अल्बमबद्दल मात्र वेगळं बोलायचं आहे. बेथ हार्ट ही अमेरिकेची ब्लूज गायिका, जो बोनामासा तिथलाच ब्लूज गिटारवादक, आणि हा दोघांचा मिळून. २०११ चा अल्बम, दहा गाणी, निर्माता केव्हिन शर्ली, आणि एकही गाणं त्यांचं स्वतःचं नाही. यावर काहीजण नाक मुरडतात. आपल्याकडे एकच बंदिश पिढ्यान् पिढ्या गायली जाते, तिला कुणी नक्कल म्हणत नाही. गाणाऱ्यानं त्यात स्वतःचं काय घातलं, एवढंच बघायचं.

ते बघायला सहावं गाणं पुरेसं आहे, ‘आय्ड रॅदर गो ब्लाइंड’. अमेरिकी गायिका एटा जेम्सनं हे १९६७ मध्ये अलाबामातल्या मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत गायलं, आणि ‘टेल मामा’ या तबकडीच्या मागच्या बाजूला ते आलं. तुरुंगात असलेल्या मित्राला, एलिंग्टन जॉर्डनला, आपण भेटायला गेलो असताना गाण्याचा कच्चा आराखडा त्यानं ऐकवला, असं एटानं आत्मचरित्रात सांगितलं आहे. लांबी जेमतेम अडीच मिनिटं. मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या तबकडीचा आणि रेडिओचा तो जमाना. लांबण लावायला जागाच नव्हती. बेथ हार्ट तेच गाणं आठ मिनिटांच्या वर नेते.

मोबाइलवर ऐकायचो तेव्हा ही लांबी मला खटकायची. अडीच मिनिटांत जे काळजात घुसतं, त्याला आठ मिनिटं कशाला? पुढे ओरखडा असलेल्या प्रतीवर ते पूर्ण ऐकायलाच मिळेना. गाणं नेमकं चढायला लागायचं तिथेच प्लेअर टकटक करत पुढे उडी मारायचा. दुसरी प्रत आल्यावर रात्री हेडफोन लावून सलग ऐकलं आणि मत बदललं. तेव्हापासून या सीडीवर सर्वांत जास्त तेच वाजतं.

गाण्यातली बाई आपल्या माणसाला दुसरीशी बोलताना पाहते आणि आपलं नातं संपलं हे आतून ओळखते. एटा तोंड उघडते तेव्हा तिला सगळं कळून चुकलेलं असतं. बेथला ते गाता गाता कळतं. सुरुवातीला ती जवळजवळ पुटपुटते, ओळीचा शेवट हवेत सोडून देते, आवाजातली खरखर राखून ठेवते. एरवी दर रिकाम्या जागेत सूर भरणारा बोनामासा इथे बराच वेळ मागे थांबतो. त्याची गिटार पुढे येते तोवर आपण तिची वाट बघत असतो. मग बेथचा आवाज फुटतो, तो फाटतो की काय असं वाटण्याइतका. ही चढण अडीच मिनिटांत मावली नसती. विलंबितातच तिला अर्थ आहे.

हेच गाणं तिनं डिसेंबर २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरच्या सन्मान सोहळ्यात ब्लूज गिटारवादक बडी गाय याच्यासमोर गायलं, साथीला गिटारवर जेफ बेक. तो व्हिडिओ बहुतेकांनी पाहिलेला असतो. तिथे वेळेचं बंधन आहे. मोकळीक हवी तर अल्बममधलंच ऐका.

बाकीची गाणी या उंचीला जात नाहीत. एटाचंच ‘समथिंग्ज गॉट अ होल्ड ऑन मी’ दणकेबाज आहे. त्याची मूळ सुरुवातीची हाक स्वीडिश डीजे अविचीच्या ‘लेव्हल्स’ या गाण्यामुळे आजच्या पोरांच्याही कानावरून गेली आहे. ‘आय्ल टेक केअर ऑफ यू’ माझ्या पसंतीत दुसऱ्या क्रमांकावर, त्यातली गिटार मला फार आवडते. गायक टॉम वेट्सचं ‘चॉकलेट जीझस’ मी सरळ पुढे ढकलतो; ते त्याच्याच घोगऱ्या गळ्यात शोभतं. ज्या गाण्यावरून अल्बमला नाव दिलं, ते मला अजून पटलेलं नाही. नवऱ्याच्या कॉलरवर लिपस्टिकचा डाग दिसल्यावर जॅझ गायिका बिली हॉलिडेला ते सुचलं, आणि ती ते बोलल्यासारखं गाते, न रडता. बेथ त्यात नाट्य आणते आणि मूळची जखम झाकली जाते. अखेरच्या ‘एन्ट नो वे’मध्ये तिचा गळा खणखणीत लागला आहे, पण अरेथा फ्रँकलिनच्या मूळ गाण्यात मागून येणारा सिसी ह्यूस्टनचा तो उंच सूर ज्यांच्या कानात बसलाय, त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होईल.

पैशाचं म्हणाल तर दहातली चार गाणी मी पुन्हा पुन्हा लावतो, आणि सहाव्यासाठी दीड हजार मला जड वाटत नाहीत. याच जोडीच्या २०१३ च्या ‘सीसॉ’ला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, याला मिळालं नाही. तो अल्बमही माझ्याकडे आहे, जास्त सफाईदार आहे, बँडही मोठा आहे. पण पैसे एकाच सीडीपुरते असतील तर ‘सीसॉ’ नंतर घ्या.