शोध घेणारा पॉडकास्ट की गप्पांचा? ट्रू क्राईममधला फरक

शोध घेणारे नि नुसत्या गप्पांचे, दोन्ही पॉडकास्टना आपण ट्रू क्राईमच (खऱ्या गुन्ह्यांवरचे कार्यक्रम) म्हणतो पण फरक जमीन-अस्मानाचा आहे. ‘इन द डार्क’ या शोध घेणाऱ्या पॉडकास्टचा 2018चा सीझन घ्या, मिसिसिपीतल्या कर्टिस फ्लॉवर्सवर एकाच केससाठी सहा वेळा खटला चालला होता, आणि ही टीम तिथे जाऊन राहिली, जुनी कागदपत्रं उकरली, साक्षीदारांना परत भेटली, ज्युरीतून कृष्णवर्णीयांना कसं वगळलं जातं त्याचा डेटा काढला. 2019ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली, 2020ला आरोपच मागे घेतले. बाकी कुणी एवढी मेहनत घेतं का?

गप्पांच्या पॉडकास्टमध्ये दोन होस्ट, विकिपीडिया नि बातम्या वाचून दाखवणं, मध्येच हशा, खुनाचं वर्णन अर्धवट सोडून गादीची जाहिरात. मेलेल्या मुलीच्या आईने हे ऐकलं तर काय वाटेल हा विचारच नाही!

आणि ऐकणारे आपणही त्यात आलोच. 2022ला अमेरिकेतल्या आयडाहोत चार विद्यार्थ्यांचे खून झाले तेव्हा हौशी डिटेक्टिव्हांनी संबंध नसलेल्या लोकांना ऑनलाईन खुनी ठरवलं, त्यांचं जगणं मुश्कील केलं. मी स्वतः तासन्‌तास गप्पांवाले एपिसोड ऐकलेत, आता नाही ऐकवत.