शेवग्याच्या पाल्यासाठी सॉक्सलेट की सोनिकेटर?

तालुक्याच्या कॉलेजात शेवगा, तरोटा, अंबाडी यांतली फिनॉल संयुगं (झाडातली ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्यं) मोजायचा प्रकल्प काढायचा असेल, तर द्रावकाच्या, म्हणजे पाल्यातली संयुगं विरघळवून घेणाऱ्या द्रवाच्या, आधी पाण्याचा विचार करा. सॉक्सलेट म्हणजे द्रावक उकळून, त्याची वाफ थंड करून पुन्हा पुन्हा पाल्यावर सोडणारं काचेचं उपकरण. त्याच्या कंडेन्सरला, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या नळीला, सहा-सहा तास नळाची धार लागते. मिनिटाला अर्धा लिटर धरला तरी 180 लिटर, म्हणजे बाराएक गुंड पाणी एका अर्कापायी नालीत. मे महिन्यात गावात टँकरची वाट पाहत असताना जीव धजत नाही. (कूलरचा जुना पंप बादलीत सोडून तेच पाणी फिरवता येतं. आम्ही फिरवलं, दुपारपर्यंत बादलीच कोमट झाली.) शिवाय तासन्‌तास उकळल्याने नाजूक संयुगं खराब होतात ती वेगळीच.

सोनिकेटर बाथ, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारी पाण्याची टाकी, हिचं काम अर्ध्या तासाचं. ध्वनिलहरींनी द्रवात बारीक बुडबुडे होतात, फुटतात आणि त्या धक्क्याने पानांच्या पेशी फाटतात. वाळल्या पाल्याच्या ग्रॅमभर पुडीला 20 मिली द्रावक पुरतं: 50 ते 70 टक्के इथेनॉल, बाकी पाणी. निव्वळ इथेनॉलपेक्षा हे मिश्रण फिनॉल जास्त ओढतं आणि विषारी मेथॅनॉल टळतं. बाथ तापत जातो, बर्फाचे खडे टाका. खरी कटकट कागदाची: इथेनॉलला उत्पादन शुल्क खात्याची परवानगी लागते, ती आधी मिळवा.

गाजर-भोपळ्यातल्या कॅरोटिनॉइडना (पिवळ्या-केशरी रंगद्रव्यांना) मात्र हे पाणीदार मिश्रण चालत नाही. तिथे थोडं ॲसिटोन घ्यावंच लागतं. हेक्झेन या दुसऱ्या द्रावकापेक्षा ते बरं. नळी फॉइलमध्ये गुंडाळा, उजेडाने रंग उडतो.

आता मोजणी. एचपीएलसी हे अर्कातलं एकेक संयुग वेगळं करून मोजणारं यंत्र. त्याचा नेहमीचा कॉलम (संयुगं वेगळी करणारी नळी) मिनिटाला 1 मिली द्रावक पितो. आठ तासांत जवळजवळ अर्धा लिटर, त्यात बहुधा ॲसिटोनायट्राइल हे विषारी द्रावक. फोलिन-चिओकाल्टू पद्धत (फिनॉल जितकं जास्त तितका निळा रंग गडद) स्वस्त, 765 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला वाचायची. साधा कलरीमीटर (रंगाचा गडदपणा मोजणारं यंत्र) तिथवर जात नसेल तर त्याचा लाल फिल्टर वापरा, तुलनेसाठीची प्रमाण द्रावणंही (ज्यांतलं फिनॉल किती ते आधीच माहीत आहे) त्यावरच वाचा. पण ही पद्धत जीवनसत्त्व क सुद्धा फिनॉल म्हणून मोजते, त्यामुळे अंबाडीचा आकडा फुगलेला निघू शकतो. उरलेल्या द्रावात मॉलिब्डेनम-टंगस्टन असतं, ते बेसिनमध्ये ओतू नका. 10 मिलीऐवजी 1 मिलीवर प्रयोग बसवला की कचराही दहावा हिस्सा.

माझं मत विचाराल तर साठ नमुने फोलिनवर काढा आणि त्यातले सहा, ज्यांत क्वेरसेटिन हे एकच फिनॉल नेमकं किती हे हवंच आहे, तेवढेच विद्यापीठातल्या एचपीएलसीला पाठवा. नियर-इन्फ्रारेडला (पुडीवर अवरक्त प्रकाश टाकून मोजणाऱ्या यंत्राला) द्रावक लागत नाही खरं, पण ते यंत्र शिकवायला आधी ढीगभर नमुने एचपीएलसीवर मोजावे लागतात. आपल्याला ते परवडत नाही.

आणि पाला सावलीत वाळवा. आमच्या पोरांनी पहिल्या खेपेला तो गच्चीवर, मेच्या उन्हात पसरला होता. नंतर सॉक्सलेट आणि सोनिकेटर, दोन्हींनी काढलेले आकडे सारखेच कमी निघाले.