पहिला नंबर आला, पेटी एकही गेली नाही

आमची देवगडला हापूसची कलमं आहेत. वडिलांच्या वेळी सगळा माल वाशीला जायचा आणि दलालाची पट्टी येईल तो भाव मुकाट्याने घ्यायचा. आता काही वर्षं आम्ही थेट घरपोच पेट्या पाठवतो. गिऱ्हाईक वाढावं म्हणून वेबसाइट केली आणि त्यातच 48,000 रुपये आणि अख्खा हंगाम घालवला. तुमच्यापैकी कुणाला असा फोन आला तर आधी हे वाचा.

कलमं मोहोरली होती तेव्हा एका एजन्सीचा फोन आला. "सर, वीस कीवर्ड, तीन महिन्यांत गूगलवर पहिला नंबर, लेखी हमी." कीवर्ड म्हणजे लोक गूगलवर टाइप करतात ते शब्द. महिना 12,000. 'हापूस आंबा' या शब्दांवर मोठमोठे विक्रेते बसलेत, तिथे आपला निभाव लागणार नाही. आपण लांब, नेमके शब्द धरू, असं शोधणारे थोडे पण घ्यायचं ठरवून आलेले असतात, असं त्या मुलाने समजावलं. लाँग टेल म्हणतात ते हेच. तत्त्व खरं आहे, म्हणूनच मला शंका आली नाही.

यादीतला एक शब्द अजून पाठ आहे: 'जीआय मानांकित देवगड तालुका अस्सल नैसर्गिक हापूस पाच डझन पेटी ऑनलाइन घरपोच कोथरूड'. हापूसला 2018 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं हे खरं, पण आंबा मागवणारी कोणती बाई एवढं टाइप करेल? तेव्हा हे सुचलं नाही. प्रत्येक शब्दापुढे 'काँपिटिशन लो' लिहिलेलं होतं. म्हणजे वर येणं सोपं, असं त्याने सांगितलं. ते साफ खोटं. कीवर्ड प्लॅनर या गूगलच्या जाहिरातदारांसाठीच्या साधनातला तो रकाना जाहिरातदारांची चढाओढ दाखवतो. जाहिरात नसलेल्या साध्या निकालात वर येणं किती अवघड, याचा त्याच्याशी संबंध नाही.

मार्चअखेर रिपोर्ट आला, विसाच्या वीस ओळी हिरव्या. मी घरी सगळ्यांना दाखवला. एप्रिलचे पैसेही भरले. फोन मात्र जुन्याच गिऱ्हाइकांचे.

मे महिन्यात भाचा आला. त्याने पहिलं विचारलं, "मामा, सर्च कन्सोल कुणाच्या नावावर आहे?" आपली साइट गूगलवर कशी दिसते हे मालकाला दाखवणारं गूगलचं साधन ते. आमचं एजन्सीच्या नावावर होतं. चार फोन केल्यावर ताबा मिळाला. लोक काय टाइप केल्यावर आपलं पान दिसलं, ती यादी त्याने उघडली. आमच्या विसातला एकही शब्द तिथे नव्हता. अगदी मोजक्या लोकांनी शोधलेले शब्द गूगल त्या यादीत दाखवतच नाही. जिथे दुसरं कोणी नव्हतं आणि शोधणारंही कोणी नव्हतं, तिथे आम्ही पहिले होतो.

खरं दुखलं ते पुढे. यादीत 'देवगड हापूस कसा ओळखायचा', 'आंबा पेटी घरपोच पुणे', 'हापूस आतून खराब निघाला तर' असे शब्द होते आणि आम्ही चाळिसाव्या-पन्नासाव्या जागी. हेच प्रश्न गिऱ्हाईक मला रोज फोनवर विचारतं. साका (आतून खराब झालेला गर) निघाला तर बदलून देणार का, कार्बाइडने पिकवलेला नाही ना, आढीतला की तयार फळ? याची उत्तरं देणारं एकही पान एजन्सीने चार महिन्यांत लिहिलं नाही.

पैसे परत मागितले तर करार पुढे केला. त्यात 'पहिला क्रमांक' होता, शब्द कुणी निवडायचे हे नव्हतं. आणि गूगल स्वतःच सांगतं की पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही.

आता शब्द आम्हीच निवडतो. फोनवर आलेला प्रश्न वहीत, गिऱ्हाइकाच्याच भाषेत. तो गूगलमध्ये अर्धा टाइप केला की पुढचं आपोआप सुचतं का, ते बघायचं. मग पहिल्या पानावर कोण बसलंय ते बघायचं. सगळे मोठे विक्रेते असतील तर तो शब्द सोडायचा. नुसता 'भाव' विचारणारे बहुतेक बघून जातात, 'घरपोच'वाले घेतात. प्लॅनरमधला आकडा बारा महिन्यांची सरासरी असतो, म्हणून आंब्याचा शब्द तिथे किरकोळ दिसला तरी घाईने खोडायचा नाही. कोणता शब्द कधी जास्त शोधला जातो ते गूगल ट्रेंड्समध्ये दिसतं, तिथे एप्रिल-मेची उसळी बघायची.

कुणी हमी दिली तर पैसे भरण्याआधी त्याच्याकडून यादी मागा आणि प्रत्येक शब्द घरातल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. सर्च कन्सोलची मालकी पहिल्या दिवसापासून तुमच्याच ईमेलवर ठेवा. आमच्या करारात ही एक ओळ असती तर फसवणूक फेब्रुवारीतच कळली असती, झाडावर फळ असताना.