वर्तनवाद की परिसंस्था : क्षेत्रकार्यात कशाचा आधार घ्यावा?

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) क्षेत्रकार्यात, म्हणजे लोकांमध्ये जाऊन केलेल्या प्रत्यक्ष कामात, केस लिहिताना 'सैद्धांतिक आधार' हा रकाना आला की बरेच जण अडतात. आपल्या खानदेशात वस्तीवर काम करणाऱ्यासाठी माझ्या मते दोनच खरे पर्याय उरतात : वर्तनवाद, म्हणजे माणसाचं वागणं आणि त्याच्या आगेमागे काय घडतं ते बघणं, आणि परिसंस्था दृष्टिकोन, म्हणजे माणसाकडे त्याच्या घर, शाळा, काम अशा सगळ्या भोवतालासकट बघणं. मनात खोलवर दडलेलं बोलून शोधणाऱ्या मनोविश्लेषणाला निवांत खोली लागते आणि महिनोन्‌महिने लागतात. ओट्यावर चार शेजारी कान देऊन बसलेले असताना ते मला कधी जमलं नाही.

वर्तनवाद मी मनापासून वापरला आहे. दारू सोडू पाहणाऱ्या एका गृहस्थांसोबत पूर्वघटना, वर्तन, परिणाम असे तीन रकाने आखून महिनाभर नोंद ठेवली. पिणं मजुरी मिळते त्या दिवशी कमी आणि आठवडे बाजाराच्या दिवशी जास्त होतं, हे माझ्याआधी त्यांनाच दिसलं. बाजार त्यांच्या पत्नीने करायचा असं ठरलं आणि फरक पडला. वर्तनाच्या आधी आणि नंतर काय घडतं ते बघा, हा वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचा आग्रह अशा ठिकाणी फार उपयोगी पडतो. उद्या सकाळी काय करायचं, हे तो सांगतो.

पण साक्री तालुक्यातल्या एका वस्तीवर मात्र मी अडलो. सहावीतला एक मुलगा शाळा बुडवायचा. त्याच्यासाठी तक्ता केला : हजर दिवसाला एक चांदणी, दहा चांदण्यांना क्रिकेटचा चेंडू. सप्टेंबरपर्यंत तक्ता छान भरला. दिवाळीनंतर चौकोन रिकामे राहू लागले. घरी गेलो तर आजी एकटीच होती. "आते होळीलेच येतीन त्या," म्हणाली. आईबाप गुजरातेत ऊसतोडीला गेले होते. धाकट्या बहिणीला सांभाळायला त्यालाही नेलं होतं.

आता 'पूर्वघटना' या रकान्यात काय लिहायचं? तिथे वर्तनाच्या लगेच आधीची गोष्ट अपेक्षित असते. इथे मूळ गोष्ट पोळ्याच्या सुमारास घडली होती : बापाने मुकादमाकडून, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या माणसाकडून, उचल (मजुरीपोटी आगाऊ रक्कम) घेतली होती. ती कुठल्याच चौकोनात बसेना, आणि रिकामे चौकोन मात्र त्या पोराच्या नावावर जमा होत राहिले. तक्ता त्याच्याकडेच बोट दाखवत होता. हे मला सहन झालं नाही, आणि माझा कौल तिथेच फिरला.

परिसंस्था दृष्टिकोनातले मानसशास्त्रज्ञ ब्रॉनफेनब्रेनर यांनी 1979 मध्ये मुलाभोवतीच्या जगाची एकात एक वर्तुळं मांडली, त्यांमध्ये एक बाह्यव्यवस्था आहे. मूल जिथे कधी जात नाही, पण जिथे त्याचं आयुष्य ठरतं, ती जागा. उचलीचा व्यवहार नेमका तिथे बसतो. समाजकार्यातल्या अ‍ॅन हार्टमन यांच्या परिसर-नकाशाच्या पद्धतीने, म्हणजे मधे घर आणि त्याचे बाहेरचे संबंध रेघांनी दाखवत, त्या घराचा कागद काढला, तेव्हा मुकादमाकडे जाणारी रेघ सर्वांत जाड निघाली आणि शाळेकडची तुटक. आजीची रेघ पक्की होती. माझ्या तक्त्यात आजी कुठेच नव्हती.

या दृष्टिकोनाचा एक दोष मान्य करायला हवा. सगळंच सगळ्याशी जोडलेलं दिसायला लागतं आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. माझे पहिले दोन-तीन नकाशे तर कोळ्याच्या जाळ्यासारखे झाले होते. मार्गदर्शक चांगला नसेल तर विद्यार्थी त्यातच गुंतून पडतो. व्यसन, अंथरूण ओलं करणं, लहान मुलाचा हट्ट अशी नेमकी तक्रार असेल, तर वर्तनवादच घ्या. लवकर हाती काही लागेल. तुमचा अनुभव माझ्यापेक्षा वेगळाही असू शकतो.

पण स्थलांतर करणाऱ्या घरांत काम असेल तर मी आधी नकाशाच काढेन, आणि तोही उचल घेतली जाण्याआधी, पावसाळ्यातच. तेव्हा आजीशी बोलता येतं, आणि आईबाप स्थलांतराला गेल्यावर मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाच्या योजनेसाठी मुख्याध्यापकांकडे नावं देता येतात. दिवाळीनंतर गेलात, तर बोलायला घरात फक्त आजी उरलेली असते.