मुलाचं नाव ज्ञानेश्वर ठेवावं की एकनाथ?

मराठवाड्यात माळकरी घरात मुलगा झाला की नावाची चर्चा फिरून फिरून या दोन नावांवर येते. नामदेव, सोपान, निवृत्ती, वैजनाथ, नागनाथ हीही निघतात, पण शेवटी उरतात ती ही दोन. आमच्याकडंही तेच झालं, आणि आम्ही लेकराचं नाव एकनाथ ठेवलं. ज्यांच्याकडं बारसं तोंडावर आलंय आणि अजून ठरत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पंचांगातल्या अक्षराचा विषय मी घेत नाही. ते अक्षर पाळण्यातल्या नावाला वापरून मोकळं होता येतं.

नावाचा मान आणि गोडवा बघाल तर ज्ञानेश्वर या नावापुढं दुसरं नाव उभं राहत नाही, हे मला मान्य आहे. शिवाय ते आपल्या मातीतलं आहे. समाधी आळंदीला, ज्ञानेश्वरी नेवाशाला, म्हणून माउली तिकडच्या वाटतात. पण मूळ गाव आपेगाव, पैठणजवळ गोदाकाठी. रेड्यामुखी वेद वदवल्याची कथाही पैठणचीच. आणि या नावाचं एक सुख असं की त्या लेकराला गावात कुणी नावानं हाक मारत नाही, ‘माउली’ म्हणतात. अंगणात खेळणाऱ्या पोराला साठीतला माणूस ‘माउली, इकडं या’ म्हणतो, हे भाग्य दुसऱ्या कुठल्या नावाला नाही. जुन्या बायका सासऱ्या-दिराचं नाव घेत नाहीत आणि प्रत्येक भावकीत एखादा ज्ञानोबा असतोच. त्यांची अडचणही ही हाक सोडवते.

एकनाथला अशी हाक नाही. लाडात ‘नाथा’ होतं, रागात ‘एक्या’ होतं. शहरातल्या नातेवाइकांना ते आजोबांचं नाव वाटतं. आमच्याकडंही एक-दोघांनी ‘अहो, जरा नवीन काहीतरी ठेवा की’ असं सुचवलं. त्यात 2022 साली एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाल्यापासून नाव सांगितलं की समोरचा हमखास त्यावरून काहीतरी बोलतो. लेकरू शाळेत जाईल तेव्हा पोरंही बोलतील. ज्या घरात राजकारणाचा विषय नाजूक असेल त्यांनी याचा विचार करावा. मला स्वतःला तो फार मोठा वाटला नाही. पुढारी बदलत राहतात, आणि नाथ महाराजांचं नाव या भागात चार शतकांपासून चालत आलंय.

आमचा निर्णय ज्या गोष्टीनं झाला, तिचा नावाच्या अर्थाशी किंवा मानाशी काहीच संबंध नाही. ती कागदांची गोष्ट आहे.

माझ्या चुलतभावाचं नाव ज्ञानेश्वर. शाळेच्या दाखल्यावर त्याचं इंग्रजी नाव ‘डी एन वाय ए’नं सुरू होतं. आधार काढणाऱ्यानं ऐकून ‘जी वाय ए’ टाकलं. पासबुकात ‘डी एन वाय’ आलं, पण पुढचा ‘ए’ गळाला. ‘श्व’चा घोळ आणखी वेगळा, कुठं ‘डब्ल्यू’, कुठं ‘व्ही’. मराठीत सगळीकडं नाव एकच, इंग्रजीत मात्र प्रत्येक कागदावर वेगळा माणूस. शिकत होता तोवर शिष्यवृत्ती अडायची, कारण पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात आणि नाव जुळत नाही. शेती बघायला लागला तर पीकविम्याला तेच. कॉलेज म्हणायचं दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणं करून आणा, बँक म्हणायची आधारप्रमाणं करा, आधार केंद्रावर विचारायचे की पुरावा कुठला देताय. मग प्रतिज्ञापत्र, मग राजपत्रात नाव. ऐन पेरणीच्या दिवसांत त्याला तालुक्याला खेटे घालताना मी पाहिलंय, बऱ्याचदा गाडीवर मागं बसून मीही गेलोय. त्याचा स्वतःचा दोष कणभरही नव्हता. चुकीचं लिहिणारे वेगळे, आणि निस्तरणारा तो.

हे फक्त त्याच्याच नशिबी आलं असं वाटत असेल तर गावातल्या कुठल्याही ज्ञानेश्वरला विचारून बघा. निदान मी ज्यांना विचारलं, त्यांच्या घरात एक तरी कागद वेगळा निघाला. ‘ज्ञ’ आपण ‘द्न्य’ म्हणतो, हिंदीवाला ‘ग्य’ म्हणतो, आणि इंग्रजीत लिहिताना प्रत्येकजण आपल्या कानाप्रमाणं लिहितो. मराठीत दोन्ही नावं चार-चार अक्षरांची, पण इंग्रजीत ज्ञानेश्वर अकरा अक्षरांचं होतं आणि एकनाथ सहाच. एकनाथमध्येही क्वचित मधे एक जास्तीचा ‘ए’ घुसतो, नाही असं नाही. पण त्यात चुकायला जागा कमी आहे. आमच्या लेकराच्या कागदांवर आजवर तरी एकसारखंच आलंय.

त्यात आता नावही लांबलंय. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. निर्णय चांगला आहे, आईचं नाव लागलंच पाहिजे. पण पहिलंच नाव अकरा अक्षरांचं असेल तर फॉर्ममधल्या चौकटी पुरत नाहीत, आणि चौकटी संपल्या की भरणारा माणूस स्वतःच्या मनानं काटछाट करतो. घोळ तिथूनच सुरू होतो. आधारवर नाव बदलायची मुभाही आयुष्यात दोनदाच आहे.

एका अक्षराची किंमत आपल्या भागाला वेगळी सांगायला नको. 2023 पासून कुणबी नोंदी शोधायला लोकांनी निजामकाळातले उर्दू आणि मोडीतले कागद धुंडाळले. पणजोबांचं नाव एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी दुसरंच, असं बघून घरंच्या घरं हताश झाली. आज आपण जे नोंदवू ते उद्या नातवंडांना शोधावं लागेल, हे तेव्हा माझ्या मनात पक्कं बसलं.

घरात हे पटवणं मात्र सोपं गेलं नाही. तात्यांचं मन माउलींच्या नावावर होतं. ‘कागदासाठी का कुठं देवाचं नाव सोडतेत?’ हा त्यांचा सवाल, आणि तो रास्तच होता. मी त्यांना एवढंच म्हणालो की तात्या, ज्ञानेश्वरीत पुढं नकलांमध्ये चुका शिरल्या, अपपाठ शिरले, तेव्हा जुन्या प्रती जमवून शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ती शुद्ध कुणी केली? नाथांनीच ना? नाथांचं नाव ठेवलं म्हणजे माउलींना सोडलं असं कसं होईल? तात्या ज्ञानेश्वरीचे नेमानं वाचन करणारे. त्यांनी पोथीकडं बघितलं आणि ‘मग नाथच’ म्हणाले.

शिवाय लेकराला सांगायला नाथांच्या गोष्टी फार जवळच्या आहेत. काशीहून रामेश्वराला नेण्यासाठी आणलेलं गंगेचं पाणी तहानलेल्या गाढवाला पाजलं ती गोष्ट, तापलेल्या वाळवंटात रडणारं दलिताचं लेकरू कडेवर घेतलं ती गोष्ट. या चमत्काराच्या नाहीत, माणसानं कसं वागावं याच्या आहेत. लहान मुलाला त्या लगेच कळतात, आणि आपल्या नावाच्या माणसानं हे केलं म्हणून तो पुन्हा पुन्हा ऐकायला मागतो. फाल्गुनात षष्ठीला पैठणला नेलं की ते वाळवंट दाखवता येतं. भारुडं तर आमच्याकडं सप्त्यात होतातच. माउलींच्या गोष्टी थोर आहेत, पण आईवडिलांच्या वियोगाच्या आणि छळाच्या त्या गोष्टी लेकरू मोठं झाल्यावर सांगाव्या असं मला वाटतं. याबाबत कुणाचं मत वेगळं असेल, मी आदर करतो.

काहीजण मधला मार्ग म्हणून ‘ज्ञानेश’ ठेवतात. नाव छान आहे, पण अडचण सुरुवातीच्या ‘ज्ञ’ची आहे, ती तशीच राहते. ‘ज्ञानदेव’चंही तेच.

घरात आजोबा ज्ञानोबा होऊन गेले असतील, आज्जीची आस असेल, किंवा आळंदीला बोलून आला असाल, तर दुसरा विचार करू नका, ज्ञानेश्वरच ठेवा. फक्त जन्मनोंदीच्या आधी इंग्रजी स्पेलिंग घरात बसून ठरवा, कागदावर ठळक लिहा, आणि तोच कागद दवाखान्यात, ग्रामपंचायतीत, आधार केंद्रावर दाखवा. तोंडी सांगू नका. नोंद 21 दिवसांत करायची असते, नाव मात्र नोंदीनंतर वर्षभरात विनाशुल्क घालता येतं, म्हणून घाई नाही. आणि 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा आहे, तेव्हा त्यावरचं अक्षर न् अक्षर तपासल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

पण असं काही बंधन नसेल, आणि दोन्ही नावं सारखीच आवडत असतील, तर मी एकनाथ म्हणेन.