कोड मेसेजवर घ्यायचा की ऑथेंटिकेटर ॲपमधून?

टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे लॉगिन करताना पासवर्डनंतर अजून एक कोड टाकायची सोय, लावायचं की नाही, हा वाद माझ्यापुरता संपलाय, लावायचंच. उरतं एवढंच की तो सहा आकडी कोड मेसेजवर मागवायचा की ऑथेंटिकेटर ॲपमधून घ्यायचा. मी दोन्ही वापरलंय, मेसेजवाला तर बरीच वर्षं, त्यामुळे त्याला नावं ठेवायचा थोडाफार हक्क आहे मला.

मेसेजचं चांगलं आधी सांगतो. शिकायला काही लागत नाही. नवा फोन घेतला, सिम टाकलं, झालं. फोन हरवला तरी त्याच नंबरचं दुसरं सिम काढता येतं. घरातल्या मोठ्यांना हेच बरं पडतं आणि ज्यांचं सुरळीत चाललंय त्यांच्यामागे मी ॲपचा लकडा लावत नाही, नुसत्या पासवर्डपेक्षा हे कितीतरी बरं.

पण तो मेसेज यायला तर हवा ना! एकदा रात्री लॅपटॉप फॉरमॅट करून मेल उघडत बसलो होतो, पासवर्ड बरोबर, कोड काही येईना. थोडी वाट पाहिली, 'पुन्हा पाठवा' दाबलं, परत दाबलं, वैतागून अजून एकदा दाबलं, आणि मग एकदम चार मेसेज धाडधाड आले, चारही एकाच मिनिटाचे आणि कुठला आधीचा कुठला नंतरचा काही कळेना. मजकूर तोच, फक्त आकडे वेगळे. सगळ्यात वरचा टाकला, चुकीचा. त्याच्या खालचा टाकला, तोही चुकीचा. तिसऱ्यानंतर स्क्रीनवर आलं की फार वेळा प्रयत्न केलात, नंतर या. म्हणजे पासवर्ड माझा, नंबर माझा, फोन माझ्या हातात, आणि तरी मीच दाराबाहेर. माझं मन मेसेजवरून उडालं ते त्या रात्री.

बऱ्याच ठिकाणी नवा कोड मागवला की आधीचा रद्द होतो, हे मला नंतर कळलं. त्यामुळे मेसेजच वापरणार असाल तर बटण एकदाच दाबा आणि हात आवरून बसा.

ॲपमध्ये ही भानगडच नाही, कारण कोड बाहेरून येतच नाही. क्यूआर कोड स्कॅन करताना एक गुप्त की फोनमध्ये साठवली जाते आणि ती की आणि फोनचं घड्याळ यांच्यावरून साधारण दर 30 सेकंदांनी नवा कोड फोनमध्येच तयार होतो. रेंज नको, नेट नको, फ्लाइट मोडमध्येही चालतं. याची पद्धत 2011 मध्ये स्टँडर्ड म्हणून ठरलीय, त्यामुळे एका कंपनीचं ॲप दुसरीच्या अकाउंटलाही सहसा चालतं. वेळ संपत आली की मी टाइप करायच्या फंदात पडत नाही, पुढचा कोड येऊ देतो.

एक गंमत मात्र झाली. बाबांच्या फोनवर ॲप टाकून दिलं तर प्रत्येक कोड चुकीचाच निघायचा. अर्धा तास डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की त्यांनी फोनचं घड्याळ मुद्दाम पाच मिनिटं पुढे लावलंय, उशीर होऊ नये म्हणून! वेळ ऑटोमॅटिकवर टाकली आणि पहिलाच कोड चालला.

सेफ्टीचं म्हणाल तर सिम स्वॅपच्या फसवणुकीत, म्हणजे चोर आपल्याच नंबरचं दुसरं सिम काढतो तेव्हा, मेसेज त्याच्या फोनवर जातात, ॲपला ती भीती नाही. खोट्या लॉगिन पेजवर आपणच कोड टाकला तर मात्र दोन्ही सारखेच निकामी.

ॲपचं खरं दुखणं म्हणजे फोन बदलणं. ती गुप्त की जुन्या फोनमध्येच राहिली आणि तो फॉरमॅट केला तर नव्या फोनमध्ये नुसतं ॲप टाकून काहीच येत नाही. गुगलच्या ॲपमध्ये 2023 पासून अकाउंटला सिंक करायची सोय आलीय, पण मी आपला बॅकअप कोडवर, म्हणजे ॲपचा कोड मिळत नसेल तेव्हा वापरायच्या कोडवर, जास्त विश्वास ठेवतो. गुगल असे 10 कोड देतं, प्रत्येक आठ आकडी, एक कोड एकदाच चालतो. मी ते कागदावर प्रिंट करून कपाटात ठेवलेत, वापरला की पेनाने काट मारायची.

तुमचं सिम कधी दगा देत नसेल आणि फोन वरचेवर बदलत असाल तर कदाचित मेसेजच सोपा पडेल, मी अडवणार नाही. पण निदान मेन मेलला तरी ॲप लावून बघा, बाकीच्या बहुतेक अकाउंटच्या पासवर्ड रिसेटच्या लिंक तिथेच येतात. मेसेज कधी अडकेल ते आपल्याला आधी कळत नाही, फोन कधी बदलायचा ते बहुतेक वेळा आपणच ठरवतो, एवढा फरक मला पुरला.

आणि जुना फोन फॉरमॅट करायच्या आधी नव्या फोनमधल्या कोडने एकदा लॉगिन करून बघा. मी नव्हतं बघितलं, माझ्या कागदावरची पहिली काट त्याच दिवसाची आहे.